चिंचेनं घासलेली कळशी

बायको लिव्हरच्या दुखण्यानं गेली. तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, "बाबा, विहीर बुजवू. पाण्यातच काहीतरी आहे."

मी हो म्हटलं. सांडोरच्या आमच्या वाडीत ती विहीर माझ्या आजाची. पूर्वेला वालीवला धातूवर तांब्याचा मुलामा देणारे कारखाने आहेत. त्यांचं पाणी एवढ्या लांब झिरपतं का, हे मी कुणाला विचारलं नाही. झिरपतं असं मला वाटायलाच हवं होतं. माणूस गेलं की कुणाच्या तरी नावानं बोटं मोडावी लागतात, मी पाण्याच्या नावानं मोडली.

मातीचा ट्रकही ठरला. तेवढ्यात बायकोची भाची आली. ती प्रयोगशाळेत नोकरीला आहे. म्हणाली, "काका, बुजवण्याआधी तपासू तरी द्या." पर्समधून बोटभर बाटली काढली. आत पिवळट औषध. पाण्यात तांबं विरघळलेलं असेल तर हे औषध त्याला चिकटतं, मग निळ्या टॉर्चखाली हिरवं चमकतं. नसेल तर नुसतंच राहतं. मी सातवी शिकलोय, पण एवढं कळलं.

अंधार हवा होता. आम्ही केळी पिकवायच्या खोलीत गेलो, दार लावलं. मी पाणी भरूनच ठेवलं होतं. तिनं थेंब टाकला, टॉर्च लावली.

हिरवं. काजव्यासारखं.

"सापडला चोर," मी म्हणालो. छाती हलकी झाली, खोटं कशाला सांगू.

तिनं टॉर्च विझवली. मग म्हणाली, "पाणी कशात आणलंत?"

"कळशीत. तुझ्या मावशीच्या."

"तांब्याच्या? घासली होती?"

"मग? पाहुणीपुढे काळी कळशी ठेवू?"

"कशानं घासलीत?"

"चिंचेनं. मावशी कशानं घासायची? अत्तरानं?"

"ती नंतर खळखळून धुवायची, काका. तुम्ही?"

मी एकदा पाणी फिरवलं होतं. चिंच तांबं सोडवते, ते पाण्यात उतरतं. चमकली ती कळशी. विहीर नव्हे.

तिनं काचेची बाटली दोरीला बांधून विहिरीत सोडली. पुन्हा खोलीत. थेंब, टॉर्च. काही नाही.

"तुझं औषध मेलं," मी म्हणालो.

तिनं शेजारी कळशीतलं पाणी ठेवून दाखवलं. ते चमकत होतं, हे काळंच.

"म्हणजे पाणी चांगलं?"

"तांबं नाही, एवढंच. हे औषध फक्त तांब्यालाच ओळखतं. शिसं, पारा, त्यांची वेगळी. तीही आणते."

"आणि मावशी कशानं गेली?"

"ते यात दिसत नाही, काका."

बाहेर आलो तर ऊन डोळ्यांत गेलं. मुलाला फोन केला. "ट्रक नको सांग."

"का? काय निघालं?"

"विहिरीत काही निघालं नाही. कळशीत निघालं. मी धुतली नव्हती नीट."

"बाबा, मला काही कळत नाहीये."

"कळायची गरज नाही. माती आणू नको."

भाची नंतर दुसरी औषधं घेऊन आली. त्यांतही विहीर काळीच राहिली. आता बोटं मोडायला कुणी उरलं नाही. त्या दिवशी ती गेल्यावर मी कळशी विहिरीवर नेली, आत हात घालून खळखळून धुतली, पालथी घातली. मग पंप लावला आणि केळींना पाणी सोडलं.