हार्मोनियमच्या वर्गाची सूचना

उपासना संपली की आमच्या पिपरीच्या चर्चमध्ये सेक्रेटरी सूचना वाचायला उभे राहतात आणि माझी तंद्री लागते. शनिवारी महिलांचं बायबल वाचन, पुढच्या महिन्यात कापणीचा सण, सुट्टीत मुलांचं शिबिर हिंगणीला. प्रत्येक सूचनेच्या शेवटी 'प्रभूची इच्छा असल्यास' हे येतंच. वर पंखा संथ फिरत असतो. मी बाकावर बसल्याबसल्या हिंगणीजवळच्या बोर धरणाच्या काठी जाऊन येते, सणाला आलेल्या संत्र्यांचा वास घेते. खरं तर मी कुठेच जात नाही.

आईचंही तसंच. हार्मोनियमच्या वर्गाची सूचना आली, की तिची बोटं मांडीवरच्या गीतपुस्तकावर हलायची. घरी येताना ती म्हणायची, "पुढच्या साली पाहू."

गेल्या रविवारी सेक्रेटरींनी वाचलं, "बुधवारपासून हार्मोनियमचा वर्ग, प्रभूची इच्छा असल्यास." माझ्या शेजारी काठी वाजली. आई उभी राहिली होती.

"माहं नाव लिहून घ्या, भाऊ," ती म्हणाली. "त्याची इच्छा तं दरसाल असते. औंदा माही हाय."