मोसंबीचं तोंड

आमचे मामा माणसाच्या तोंडाकडे कमी आणि झाडाच्या बुडाकडे जास्त बघत. शहागंजच्या भाजीबाजारात कोथिंबीर घेतानाही जुडी उलटी धरून मुळ्या तपासायचे. भाजीवाला वैतागून म्हणायचा, "चचा, जडां का सालन बनाते क्या?"

दुष्काळात त्यांची पाचोडची मोसंबीची बाग वाळली. तिच्यावर कुऱ्हाड चालली त्या दिवशी मामा गावाकडे फिरकले नाहीत. त्या बागेतलं एकच झाड उरलं. कधीकाळी तिथलं रोप आणून शहरातल्या घराच्या कुंपणभिंतीलगत लावलेलं. तेही वाळलं असतं तर मामा काही सावरले नसते.

आणि या झाडाचं पाणी मामा ओतायचे शेजारच्या वकीलसाहेबांच्या अंगणात! टँकर कधीमधी यायचा. मामी तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवायची आणि मामा ती बादली उचलून फाटकाबाहेर पडायचे.

"अहो, बुडाशी ओता की! झाड आपलं अन् पाणी लोकाच्या दारात?"

"बुडाला तोंड असतंय व्हय? खोड म्हंजी निस्ता पायप. पाणी पेत्यात त्या टोकाच्या बारीक मुळ्या. अन् त्या ओलीच्या मागं पार तिकडं गेल्यात."

वकीलसाहेब म्हणायचे, "मामा, हे सरळसरळ अतिक्रमण आहे." पण मोसंब्या मामीपेक्षा त्यांच्याच घरी जास्त जायच्या, त्यामुळे दावा काही दाखल झाला नाही.

पुढे गल्लीत गाड्या आल्या आणि एकेक अंगण फरशीखाली गेलं. वकीलसाहेबांनीही गाडी घेतली, फरशी मागवली. शेवटी मामा हात जोडून वकीलसाहेबांच्या दारात उभे राहिले.

"गाडी आमच्या अंगणात लावा, पर तेवढी माती उघडी ठिवा. त्याचं तोंड दाबू नका."

तेव्हापासून वकिलांची गाडी मामांच्या अंगणात, पाखरांच्या शिटांनी रंगलेली. मामी कपाळाला हात लावायची. "त्यांची गाडी आपल्यात, आपलं पाणी त्यांच्यात. आता मीच तेवढी ऱ्हायले तिकडं न्यायची!"

मामा गेले ते ऐन उन्हाळ्यात. घरात बायका जमल्या होत्या आणि मामी कोपऱ्यात नुसती बसून होती, रडतही नव्हती. एवढ्यात भिंतीपलीकडे पाणी ओतल्याचा आवाज झाला. मामी उठून भिंतीपाशी गेली. मीही मागे गेलो. वकीलसाहेब स्वतःच्या घरची बादली घेऊन, भिंतीला अगदी खेटून उभे होते.

"तिथं नाय, वकीलसाहेब. आणखी मागं सरून ओता," मामी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "त्याचं तोंड तिकडं हाय."