साकव एक, नारळ दोन

सरपंचपदाच्या निवडणुकीला मी उभा नव्हतो. ही गोष्ट मला प्रचाराच्या नवव्या दिवशी कळली.

उभी होती माझी बायको, सुनंदा. पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त! खेड, राजापूर, रत्नागिरी असं फिरून तिने नोकरीत काय काय पाहिलं ते ती सांगत नाही; पण तिने नुसती भुवई उचलली तरी मला न केलेले गुन्हेसुद्धा आठवू लागतात. मी हायस्कुलातला कारकून. जन्मभर मुख्याध्यापकांच्या सहीखाली शिक्का मारला (तोही दोनदा उलटा). निवृत्तीनंतर आम्ही भाट्याच्या पलीकडे माझ्या गावी येऊन राहिलो.

गावात वरची वाडी आणि खालची वाडी. दोन्ही वाड्यांच्या आणि शाळेच्या मध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा. उन्हाळ्यात त्यात बेडूकही भिजत नाही, पावसात मात्र छातीइतकं पाणी. गेल्या पावसाळ्यात सहावीतली एक पोर त्यात घसरली. सुनंदा काठावरच्या वाटेने येत होती. ती साडीसकट पाण्यात उतरली आणि दप्तराच्या पट्ट्याला धरून तिने पोरीला ओढून काढलं. घरी येऊन ओटीवर बसली, अंगावरून पाणी निथळतंय.

"अगो, कपडे बदल आधी!" मी म्हटलं.

"तिथे साकव झाला पाहिजे," ती म्हणाली. साकव म्हणजे पऱ्यावरचा आमचा छोटासा पूल. त्या क्षणी मला तिला नमस्कार करावासा वाटला, अगदी खरं सांगतो. केला नाही, कारण दोन्ही हातांत टॉवेल होता.

पुढे सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि तिने अर्ज भरला. अभिनंदनाला माणसं आली ती माझ्याकडे! बाई निवडून यायची आणि कारभार यजमानांनी बघायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. वरच्या वाडीचे मानकरी तात्या माझ्याशेजारी बसत म्हणाले, "बाई काय, सह्या करतील. कारभार तुमीच बगनार ना, अण्णा?"

मी "छे, छे!" म्हणालो. पण अशा आवाजात, की ऐकणाऱ्याने "हो, हो!" असंच समजावं.

दुसऱ्या दिवशी मी जाकीट शिवायला टाकलं. सुनंदा रोज सकाळी वही घेऊन एकटीच कुठेतरी जायची. मी नाक्यावरच्या चहाच्या टपरीत दरबार भरवायचो. सोमवारी तात्या म्हणाले, "साकव आमच्या वाडीकडं होवा. शबूद द्या."

"दिला!" मी म्हणालो. शिक्का मारणाऱ्या माणसाला शब्द द्यायची संधी किती वर्षांनी मिळाली होती!

नुसत्या शब्दावर आमचं गाव भागवत नाही. मला देवळात नेलं. नारळ ठेवला. गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, अण्णानं वरच्या वाडीला साकव कबूल केलान हाय, त्येला यश दे रे म्हाराजा!" तीस माणसं एकदम गरजली, "व्हय म्हाराजा!" माझ्या अंगावर काटा आला. माझ्या नावाने इतकी माणसं एका सुरात कधीच ओरडली नव्हती. लग्नातसुद्धा नाही.

ती चटक वाईट. बुधवारी खालच्या वाडीची माणसं आली. त्यांनाही साकव हवा होता, अर्थातच त्यांच्या बाजूला. मी पुन्हा देवळात. तोच देव, तोच गुरव, दुसरा नारळ! गुरवाने माझ्याकडे क्षणभर रोखून बघितलं, पण गाऱ्हाणं घातलं. पुन्हा "व्हय म्हाराजा!" पुन्हा काटा.

नवव्या दिवशी टपरीसमोर बॅनर लागला. त्यावर जाकीट घातलेला मी, दरवाजाएवढा. कोपऱ्यात सुनंदा, पोस्टाच्या तिकिटाएवढी. मतं मागून परत येताना ती त्याच्यापुढे थांबली.

"हे कोण उभे आहेत?"

"मी... म्हणजे आपण."

"मशीनवर नाव कुणाचं?"

"तुझं."

"मग हे कोण?"

तेवढ्यात गुरव समोरून आला. "बाई, येक इचारायचा होता. देवाकडं गाऱ्हानी दोन पोचलीत, साकव येकच. देवानं कंचा खरा धरायचा?"

घरी आल्यावर ती ओरडली नाही. स्टूल पुढे सरकवलं, मला पाणी दिलं (तिथेच माझा धीर सुटला), आणि वही उघडली.

"पहिला नारळ?"

"सोमवारी."

"दुसरा?"

"बुधवारी."

"साक्षीदार?"

"देव."

"आणखी?"

"साठेक माणसं."

पाच मिनिटांत मी सगळं कबूल केलं. चार वर्षांपूर्वी लोणच्याची बरणी मांजराने नव्हे, मी फोडली होती, हेसुद्धा!

"ते माहीत आहे," ती लिहिता लिहिता म्हणाली.

"अगो, मतदान होईपर्यंत गप्प राहू. मग बघू," मी सुचवलं.

तिने पेन खाली ठेवलं. "त्या पोरीच्या आईला असंच सांगू? मग बघू?"



दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या सभामंडपात दोन्ही वाड्या जमल्या. सुनंदाने मला खांबाजवळ उभं केलं. "यांनी दोन्ही वाड्यांना एकच साकव कबूल केलाय. तो अधिकार यांना नाही. मलाही अजून नाही. अहो, सांगा."

मी सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी घंटेकडे पाहिलं.

मग तिने वही उघडली. आठ दिवस रोज सकाळी ती पऱ्याच्या काठावर उभी राहून शाळेची पोरं मोजत होती! उन्हाळ्यात कोण कुठून जातं, पावसात कुठून जातं, कुठे पाय सरकतो, सगळं पोरांनाच विचारून टिपलेलं. मी टपरीत माणसं जमवत होतो तेव्हा ही नाकाबंदीला उभी!

"साकव दोन्ही वाड्यांच्या मधल्या कातळावर व्हायला हवा," ती म्हणाली. "दोन्ही वाड्यांना जरा वळसा पडेल. पण एकाही पोराला पाण्यात उतरावं लागणार नाही. पटत नसेल तर मला मत देऊ नका."

दोन्ही वाड्यांची माणसं एकमेकांकडे बघू लागली. गेली निवडणूक, मला वाटलं, आणि गेला साकव, आणि दोन्ही माझ्यापायी! ती एकटी ताठ उभी होती, ना आवाज चढलेला ना मान खाली. चाळीस वर्षांच्या संसारात मला ती इतकी मोठी कधी दिसली नव्हती.

खालच्या वाडीची काशीआजी काठी टेकत उठली. "मी हिलाच मत देनार. जी आपल्या घोवाला सोडीत नाय, ती तालुक्याच्या सायबांना सोडंल काय?"

आधी बायका हसल्या, मग पुरुष, शेवटी तात्यासुद्धा. दोन्ही वाड्यांतून सुनंदा निवडून आली, आणि लोकांनी मतं देताना माझाच दाखला दिला म्हणे! म्हणजे विजयात माझा वाटा आहेच.

त्याच समजुतीत मी पहिल्या सभेला तिच्या मागोमाग पंचायतीत शिरू लागलो. तिने दारातच भुवई उचलली. मी बाहेर खिडकीशी उभा राहिलो. पहिला ठराव तिनेच मांडला : सरपंच आणि सदस्यांच्या यजमानांनी सभेत बसायचं नाही. दुसरा, मधल्या कातळावर साकव. दोन्ही एकमताने मंजूर! मला राहवलं नाही, मी खिडकीतून कडाडून टाळ्या वाजवल्या.

"बाहेर कोण गोंधळ घालतंय?" आतून आवाज आला. "नाव लिहून घ्या."

ग्रामसेवक वही घेऊन बाहेर आले. त्यांनी विचारायच्या आतच मी पूर्ण नाव, वय, पत्ता सांगून टाकला.

"धंदा?" त्यांनी विचारलं.

मी छाती काढून म्हणालो, "सरपंचबाईंचा नवरा!"

त्यांनी जरा विचार केला आणि लिहिलं : बेकार.