नागोरावांचा विभाग नवापूरला जातो

आमच्या पालघरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान विभाग म्हणजे एकटे नागोराव. प्रमुखही तेच, विभागही तेच. परभणीकडचे, पन्नाशीला टेकलेले, बिनलग्नाचे. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाले होते, "एवढं पाणी आणि पिता येत नाही? आमचा दुष्काळ निदान प्रामाणिक आहे हो!"

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली आणि कला शाखेला गळती लागली. इतिहासाची मुलं होमगार्डात गेली. माझ्या मराठीच्या वर्गातल्या मुली जवानांसाठी स्वेटर विणू लागल्या. तत्त्वज्ञानात उरली नवापूरच्या कोळ्याची शकू. मागच्या बाकावर बसून निमूट उतरवून घ्यायची. एक दिवस तीही येईना. प्राचार्य म्हणाले, "नागोराव, विद्यार्थी नाही तर विषय नाही."

रविवारी नागोराव नवापूरला निघाले. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून रेशनची साखर कागदात बांधून घेतली. उपवर मुलीच्या दारात वडीलधारा माणूस साखरेचा पुडा घेऊन उभा राहिला तर काय होतं, हे या ब्रह्मचाऱ्याला कोण सांगणार?

शकूच्या आईनं, गोजराबाईनं, पुडा पाहिला आणि लगबगीनं पाट मांडला. शेजारच्या मैनाबाईही धावत आल्या.

"पोरगा काय करतो?" गोजराबाईनं विचारलं.

"कोणता पोरगा?"

"नवरा मुलगा वो! का तुमीच?" मैनाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

नागोराव पाटावरून ताडकन उठले. "अहो, मी तिला फक्त तर्कशास्त्र शिकवतो!"

"मंग साखर तेवढी ठेवा," मैनाबाई म्हणाल्या.

हसणं ओसरल्यावर गोजराबाई म्हणाली, "मास्तर, लढाईपायी किनाऱ्यावर दिवा लावायची बंदी हाय. हिच्या बापाची होडी येते काळोखात. खाडीचं तोंड दिसत नाय. मंग घरचं माणूस हाका मारतं, त्या हाकेवर होडी येते. माजा घसा पार बसलाय. शकू पालघरहून येईस्तोवर अंधार पडतो. पोर शिकंल वो, पन बाप कुठं लागंल?"

नागोरावांनी विभागच उचलला. दुपारच्या गाडीनं बोईसर, पुढे मिळेल त्या बैलगाडीनं नवापूर. वर्ग ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत. हजेरीला साक्षीदार जाळं शिवणारी गोजराबाई.

आणि बाकावरची मुकी शकू वाळूवर बोलू लागली. 'जिथं धूर तिथं अग्नी' म्हटलं की म्हणायची, "सर, आमच्या चुलीशी या एकदा. नुसता धूर हाय!" एकदा त्यांनी सांगितलं, ज्ञान होतं ते डोळ्यांनी पाहून, अनुमानानं, नाहीतर दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून. शकूनं विचारलं, "बाबाला किनारा दिसत नाय. मी त्याला काय सांगतही नाय, नुसती हाक मारते. तरी त्याला घर कळतं. मंग हे यातलं कोनतं?"

नागोराव त्या दिवशी परतले ते प्रश्न उराशी धरून. बोईसरला गाडीत चढले, पालघरला उतरायचं विसरले आणि केळव्याहून उलटे आले. इतका सुखी माणूस मी पाहिला नाही.

उत्तर सापडायच्या आत लढाई थांबली. किनाऱ्यावर दिवे लागले. आम्ही पेढे वाटले. नागोरावांनीही खाल्ला, पण अर्धाच. शकू पुन्हा पालघरला येऊ लागली. तोच मागचा बाक, तीच खाली घातलेली मान.

"शकू, काही शंका?"

"नाय सर."

ती पास झाली, लग्न होऊन केळव्याला गेली. विभाग वाचला. आता वर्ग भरलेला असतो, आणि सगळे खाली मान घालून उतरवून घेतात.

नागोराव मात्र त्या वाक्यापाशी दरवर्षी थांबतात. पाहून, अनुमानानं, शब्दावर विश्वासून... मग खडू हातात घेऊन दाराकडे बघत राहतात.

परवा मी विचारलं, "त्या हाकेचं उत्तर सापडलं का हो?"

"केव्हाच," ते म्हणाले. "पण विचारलंय कुणी?"

"मी विचारतोय की!"

"तुम्ही नव्हे हो," म्हणाले, आणि छत्री घेऊन स्टेशनच्या बाजूला फिरायला निघून गेले.