निम्म्या वेगाचं गाणं

बस वाघोलीच्या पुढे आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. अमरावतीहून निघाल्यापासून मांडीवर धरलेली लॅपटॉपची बॅग मी पहिल्यांदा शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली आणि पडदा सरकवला. खराडीच्या काचेच्या इमारती दिसल्या. मी पुणे सोडलं तेव्हा इथे नुसती शेतं होती, असं लिहायचा मोह होतो, पण तसं नव्हतं. इमारती तेव्हाही होत्या, आता त्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, एवढंच. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं रस्ता ओलांडत होती. सात वर्षांपूर्वी मीही त्यांच्यातलीच होते.

मी ड्रम अँड बेस करते (मिनिटाला पावणेदोनशेच्या आसपास ठोके असलेलं, बहुधा शब्द नसलेलं संगीत, खाली बेसचा जाडसर, खर्जातला सूर वाहतो आणि वर ड्रम पळत सुटतात). अमरावतीत हे करणारी मी एकटीच असावी. पुण्यात मात्र आम्ही दोघी होतो. शिल्पा परतवाड्याची. एकाच कंपनीत नोकरी, कोथरूडला एकच भाड्याची खोली. ती बेस करायची, मी ड्रम. एखाद्या रविवारी कॅफेत वाजवायचो, वीसेक माणसं यायची.

एकदा शिल्पा म्हणाली, "हे जरा हळू करू. यावर कोणाला तरी गाऊ दे, बोलू दे."

मी म्हणाले, "लग्नाच्या मांडवात वाजवायचं असेल तर तू जा."

ती कुठे गेली नाही. तिने फक्त संगीत सोडलं. नंतर माझे वडील आजारी पडले, मी नोकरी सोडून घरी परतले, आणि आमचं बोलणं थांबलं ते थांबलंच.

आता हडपसरच्या रोहन नावाच्या रॅपरने माझा एक जुना ट्रॅक इंटरनेटवर ऐकला होता. त्याची आधीची दोन गाणी रिक्षांमधून वाजतात. तिसरं गाणं मुंबईची एक म्युझिक कंपनी काढणार होती, आणि ते त्याला माझ्या ट्रॅकवर करायचं होतं. घरी एकटीने करायचं आणि कोणीच ऐकायचं नाही, याचा मला कंटाळा आला होता. मी लगेच हो म्हणाले होते.

स्टुडिओ कोथरूडमधल्या एका सोसायटीत, तळमजल्यावर होता. रोहन दारातच उभा होता. चोवीस-पंचवीस वर्षांचा, बारीक, बोलताना लाजणारा. हा माणूस माईकपुढे काय करत असेल, असं वाटलं.

"ताई, ट्रॅक लय भारी हाय," तो म्हणाला, "पण माझं तोंड एवढं पळत नाय. निम्म्यावर आणा की."

मी वेग निम्म्यावर आणला. माझे ड्रम विस्कटून गेले. एकेक करत मी ते काढत गेले आणि शेवटी जवळजवळ नुसता बेस उरला. तो आता पळत नव्हता, चालत होता. रोहन त्यावर बोलायला लागला. हडपसरजवळच्या ज्या शेतात त्याच्या आजोबांनी ऊस लावला, तिथे आयटी पार्क झाला, आणि त्याच्याच गेटवर त्याचे वडील सिक्युरिटीच्या गणवेशात उभे राहतात, अशी ती गोष्ट होती. आता तो लाजत नव्हता. माझ्या हातावर काटा आला. आणि तेव्हाच लक्षात आलं की यात माझं फारसं काही उरलेलंच नाही. बेस शिल्पाचा होता.

दुपारी जेवायला बाहेर पडले तर जिन्यापाशी वरच्या मजल्यावरचे एक आजोबा भेटले.

"अहो, एक विचारू का? आमच्याकडे खालून नुसती धडधड येते. गाणं तुम्ही स्वतःसाठी ठेवून घेता का?"

"गाणं अजून व्हायचंय, काका."

"मग होऊ द्या. दोन ते चार सोडून."

कोपऱ्यावर एक खानावळ होती. "एकट्याच का? मग भिंतीकडे बसा," वाढणाऱ्या बाई म्हणाल्या. मी भिंतीकडे तोंड करून बसले. ताटात अळूचं फदफदं होतं (अळूच्या पानांची पातळ भाजी, आमच्या विदर्भात त्या पानांना धोपा म्हणतात). त्यात चिंच होती, गूळ होता, दाणे होते. चव चांगली होती. पुढचे चार दिवस मी तिथेच जेवले, त्याच भिंतीसमोर. बोलायला कोणी नव्हतं. संध्याकाळी आमच्या जुन्या खोलीच्या गल्लीतून दोनदा चक्कर मारली. गॅलरीत कोणाचे तरी टॉवेल वाळत होते.

शुक्रवारी रोहनने कंपनीचा फॉर्म पुढे केला. "ताई, म्युझिकला सगळीकडं तुमचंच नाव टाकू ना?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. कोणाला कळलंही नसतं. "रविवारी सांगते," मी म्हणाले.

शनिवारी सकाळी शिल्पाला मेसेज केला. उत्तरात फक्त पत्ता आला, विश्रांतवाडीचा. पत्ता पुन्हा पुन्हा वाचत मी घाईत बसमध्ये चढले आणि थेट हडपसरला पोचले. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, "पाटी मराठीतच आहे, ताई." परत फिरून विश्रांतवाडीला जाईपर्यंत दुपार झाली.

शिल्पाने दार उघडलं आणि तशीच बघत राहिली. माझ्या तोंडून आपसूक आमची बोली निघाली, "अशी काय पाहून राहिली वो?"

"काही नाही गं. आत ये ना," ती म्हणाली. तिची भाषा पूर्ण पुणेरी झाली होती.

चहा झाला. मी सरळ हेडफोन तिच्यापुढे धरले. तिने डोळे मिटून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. खाली आळंदी रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती.

"हा माझा बेस आहे," ती म्हणाली.

"हो."

"हळू केलास."

"निम्म्यावर आणला. तू तेव्हा म्हणत होतीस तसा. मी जे बोलले होते ते चूक होतं, शिल्पा. सॉरी."

तिने हेडफोन टेबलावर ठेवले. "तू सॉरी म्हणायला आलीस, की बेस मागायला?"

"दोन्ही."

"निघताना काय डोक्यात होतं?"

"बेस," मी म्हणाले. खोटं बोलले असते तरी तिला कळलं असतं.

ती किंचित हसली. मग हेडफोन पुन्हा कानाला लावून तिने गाणं मागे घेतलं. "वडील गेटवर उभे आहेत, म्हणतो ना तो, तिथे बेस नको. त्याला एकट्याला बोलू दे. मग आण." तिच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी तसा बदल केला. दोघींनी हेडफोनची एकेक बाजू कानाशी धरून ऐकलं. ती जागा रिकामी झाल्यावर गाणं उभं राहिलं. तासभर आम्ही तिथेच होतो, अगदी पूर्वीसारख्या. म्हणजे मला तसं वाटलं.

"हल्ली मी घरी गाणी-बिणी काही लावतच नाही," ती मधेच म्हणाली. मी मान हलवली आणि तो तुकडा पुन्हा ऐकवला.

निघताना म्हणाले, "उद्या स्टुडिओत येतेस? रोहनला भेट."

"नको. नाव टाक, पूर्ण टाक. पण मला बोलावू नकोस."

रविवारी रोहनने ती जागा दोनदा ऐकली. मग म्हणाला, "हितं मला बापाचा चेहरा दिसला." फॉर्मवर मी शिल्पाचं नाव आधी लिहिलं, माझं नंतर. "या ताईंना भेटवा की," तो म्हणाला. मी बघू म्हणाले.

त्याच संध्याकाळी परतीच्या बसमध्ये बसले. नगर रस्त्यावर गर्दी होती, बस रांगत होती. सात वर्षं मी घरात एकटी बसून वेगाचं संगीत करत राहिले आणि त्याला निष्ठा म्हणत राहिले. खरं तर मला चूक कबूल करायची नव्हती, म्हणून मी एकटी राहिले होते. आता गाणं निघेल, हजारो लोक ऐकतील. माझं काम झालं होतं आणि नावही योग्य जागी गेलं होतं. मला समाधान वाटायला हवं होतं. थोडं वाटतही होतं.

सकाळी घरी पोचले. आईने चहा टाकला आणि गाणं ऐकवायला सांगितलं. मी फोनवर लावलं.

"यात तू कुठं गाऊन राहिली?"

"मी गात नाही, आई. मी वेग ठरवला, थोडे ड्रम ठेवले. खाली जे वाजतं ते शिल्पाचं."

"शिल्पा? ती परतवाड्याची? तिच्याकडे गेली होती तू?" आईचा चेहरा उजळला. "कशी आहे वो ती?"

मी तिच्या घरी दोन तास बसले होते. नोकरी तीच आहे का, घरी कोण असतं, दिवस कसे जातात, यातलं एक अक्षरही मी तिला विचारलं नव्हतं.

"बरी आहे," मी म्हणाले, आणि गाणं बंद केलं.