दामूचा रोलकॉल

आमच्या पोस्टवर संध्याकाळचा रोलकॉल नाईक दामू घ्यायचा. नाव आलं की जवानाने ‘हजर’ म्हणायचं. कोणी पहाऱ्यावर असला तर त्याच्या वतीने ‘ड्यूटीवर’ म्हणायचं काम माझं, कारण मी सेक्शन कमांडर होतो. लान्सनाईक नामदेव गस्तीवर गेला आणि जिवंत परतला नाही, त्या संध्याकाळीही दामूने त्याचं नाव घेतलं. ‘ड्यूटीवर,’ मी म्हणालो. सगळे समोर बघत उभे राहिले.

पुढे दामूला माणसं नसताना आवाज ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी आजार सांगितला, स्किझोफ्रेनिया. मेडिकल बोर्डाने त्याला डोळखांबला घरी पाठवलं. मी नोकरी पुरी करून टोकावड्याला आलो, तब्येत ठणठणीत.

तरी मी दामूवर जळतो. भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे सावड असते. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. दामूला लोक घरी येऊन बोलावतात. मला पहिल्या वर्षी बोलावलं होतं. मी बायांना दोरी धरून रांगेत उभं केलं, उशिरा येणारीला झापलं. दुसऱ्या वर्षी सगळे म्हणाले, “हवालदार, तुमी आराम करा.” तो आराम अजून चालू आहे.

यंदा लावणीला मी आपणहून डोळखांबला गेलो. दामू चिखलात वाकून रोपं लावत होता. पुटपुटत होता, पण हात नीट चालत होता. त्याची बायको रोज गोळी देते, तारखेला शहापूरच्या दवाखान्यात नेते. तरी कधी कधी त्याला कानात रेडिओ सेट ऐकू येतो.

त्या दिवशी आला. दामू बांधाआड पालथा पडला. मूठ तोंडाशी धरून ओरडायला लागला, “टायगर वन, एक जखमी. ओव्हर.”

मी कमांड घेतली. “दामू, उठ! ऑर्डर आहे.”

तो चिखलात आणखी रुतला.

“तुमी गप ऱ्हावा, हवालदार,” शेजारची भिकीमावशी म्हणाली. मग त्याच्याकडे न बघताच, रोपं लावत, “दामू रे, तुजी वळ मागं पडली. माजी बघ, बांधाला टेकली.”

बाकीच्या बाया गप्पा मारत लावत राहिल्या. बऱ्याच वेळाने दामू उठला, हात धुतले आणि आपली ओळ पुरी करायला लागला. माझ्या पोटात दुखलं. माझी ऑर्डर त्याने कधी मोडली नव्हती.

दुपारी भाकरीची फडकी सोडल्यावर दामू ताठ उभा राहिला. इथे जेवणाआधी तो रोलकॉल घेतो, हे मला माहीत नव्हतं. बाया आपापल्या नावाला ‘हजर’ म्हणत होत्या. माझं नाव आलं. “हजर,” मी म्हणालो. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

“लान्सनाईक नामदेव?”

माझ्या घरात हे नाव कोणाला ठाऊक नाही. मी कधी सांगितलंच नाही. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं.

“ड्यूटीवर हाय,” भिकीमावशी म्हणाली, आणि त्याच्या नावाची भाकरी बांधावर ठेवली.