विन्याच्या खोलीच्या सळाखा

आमच्या गल्लीतले लोखंडाचे किस्से लोखंडासारखेच आहेत. एकदा कोपऱ्यात टाकले, की कोणी ना कोणी वरून आणखी टाकून जातो अन् ढीग वाढतच राहतो. सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. तेव्हा सिमेंट परमिटवर भेटे अन् लोखंड नशिबावर! आमचं अन् समोरच्या डोंगरेबाईंचं, दोन्ही घरांचं काम एकाच वर्षी निघालं. त्या वर्षी गल्लीत कोणाचा कोणावर भरोसा नव्हता. माझा तर माझ्यावरही नव्हता!

* * *

आमचे हे कचेरीत कारकून. इतवारीच्या बाजारात सळाखा घ्यायले गेले. सेठ पान चघळून राहिला होता. म्हणे, "बाबूजी, कल ले लेते तो सस्ता पड़ता."

हे म्हणाले, "सेठजी, कल ही तो आया था! आपने बोला, माल नहीं है."

सेठनं वर पाहिलंही नाही. "तो परसों आना था!"

येताना हातगाडीच्या मागं हे शेवटच्या सळाखीचं टोक धरून चालत आले. गाडीवाला घामाघूम. म्हणे, "बाबूजी, जरा ढकला तरी!"

"ढकललं तर लक्ष कोण ठेवीन?"

* * *

प्लॉटच्या बाजूलाच आम्ही भाड्यानं राहत होतो. सळाखा बाहेर ठेवल्या तर जातील, म्हणून घरात घेतल्या. घर लहान, सळाखा लांब! समोरच्या दारातून शिरल्या त्या मागच्या दारातून बाहेर निघाल्या. दोन्ही टोकांले यांनी बैलाच्या घंट्या बांधल्या.

तेवढ्यात आमच्या सुमीले पाहायले पाहुणे आले. लंगडी खेळल्यासारखे एक एक सळाख ओलांडत बसायले गेले. पोरगी पोहे घेऊन उभी, अन् पोराचा बाप वाकून सळाख चिमटीत धरून राहिलेला. "काय भावानं घेतली हो? जाडी किती सूत?"

पोरीचं नाव मागून विचारलं!

लग्न तिथंच जमलं. पण पाहुणे गल्लीच्या बाहेर जाईपर्यंत मी दारातून हलली नाही.

* * *

स्लॅबच्या दिवशी माझा डोळा गुलाब मिस्त्रीवर. डोंगरेबाई कानात सांगून गेल्या होत्या, "वहिनी, हे लोक सळाखा कमी टाकतात अन् उरलेल्या विकतात." मग काय, सेंट्रिंगच्या कोपऱ्यात मी खुर्ची टाकली अन् छत्री उघडून बसली. एक एक सळाख डोळ्यासमोर बांधू दिली.

मिस्त्री कावला. "बाई, उतरा खाली, नाहीतर तुमच्यावरच सिमेंटचा मसाला ओतीन!"

खालून हे ओरडले, "ओत गा! तेवढीच एक सळाख वाचते!"

* * *

थोरला माझा बायको घेऊन धरमपेठेत वेगळा राहायले गेला. म्हणे, जागा पुरत नाही. धाकटा विन्या तसा जायले नको, म्हणून त्याले वर खोली बांधून द्यायची, हा माझा हट्ट. पण लोखंडाचा भाव असा चढला, की खोलीचं काम अडलं. कॉलमच्या सळाखा तेवढ्या छतावर छातीएवढ्या उभ्या. दाराचा उरलेला हिरवा ऑइलपेंट मी त्यांले फासला. चोरी गेल्या तर ओळखू तरी येतील!

विन्या भिलाईच्या लोखंडाच्या कारखान्यात नोकरीसाठी अर्ज करून बसला होता. मी म्हटलं, "काहून जातं तिकडं? तुह्या खोलीच्या सळाखा वर उभ्या आहेत ना!" तो नुसता हसे.

समोर डोंगरेबाईंच्या खिडक्यांले गज नव्हते, नुसत्या बांबूच्या तट्ट्या. फटीतून त्या आमच्या छताकडं पाहत. मी मनात म्हणे, पाहून घे बाई, मीही तुलेच पाहून राहिली!

* * *

धानाच्या कापणीले मी माहेरी गेली, रामटेकले. परत येऊन पाहते, तर छत साफ! सळाखा बुडापासून कापलेल्या.

पहिला शक गल्लीतल्या बाबूलालवर, पत्र्याच्या पेट्या बनवे तो. पत्रा महागला तशी त्याची गिऱ्हाइकं आटली होती, कारागीर घरी बसवले होते. रिकाम्या माणसावर नजर लवकर जाते. मी दुकानात जाऊन उभी राहिली. त्यानं एक एक पेटी उघडून दाखवली. "काकी, लोखंड असतं माझ्याकडं, तर माणसं घरी बसवली असती काय?"

मी एका पेटीवर हात टेकवला, तर झाकण आतच गेलं!

"दाबू नका काकी! आता एवढ्याच पातळ पत्र्यात भागवतो."

मग गुलाब मिस्त्री झाला, भंगारवाला कबाडी झाला. सगळी गल्ली मी उभी-आडवी केली. आमचे हे तेवढे शोधायले आले नाहीत. म्हणे, "जाऊ दे वं." विन्या म्हणे, "आई, उगाच कोणाचं नाव घेऊ नको."

मी म्हटलं, खोली याची गेली अन् हाच शांत!

* * *

मग डोंगरेबाईंची वास्तुशांती आली. पुरी, भाजी, बुंदी. खिडक्यांले नवे गज, वरून चांदीचा रंग. मी नखानं जरासा खरवडला. आत हिरवा!

सगळ्या बायांसमोर म्हटलं, "गज मजबूत आहेत हो तुमचे."

"राहतीलच ना वहिनी!" डोंगरेबाई हसून म्हणाल्या. "तुमच्या यांनीच तर स्वतः उभं राहून कापून देले. तुम्ही रामटेकले होत्या तेव्हा. बाजारात लोखंड भेटूनच नव्हतं राहिलं!"

बुंदी तशीच ठेवून मी घरी आली. बापलेक जेवायले बसले होते.

"विन्याच्या खोलीच्या सळाखा तुम्ही विकल्या?"

यांनी हातातला घास ताटात ठेवला. "वरची खोली आता कोणासाठी बांधतं वं? भिलाईची ऑर्डर आली त्याची. क्वार्टरही भेटून राहिलं."

मी विन्याकडं पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. वरण-भात कालवत म्हणाला,

"आई, तिकडं लोखंडाची काहीच कमी नाही वं."